खाल्लेलं उदाहरण

माझ्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, ही गोष्ट घाना देशातल्या एका अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. टोकियोतल्या त्याच्या साहेबांनाही आता ठाऊक आहे. त्यात दोष माझा किती, त्याचा किती आणि नाकामुरा-सान यांचा किती, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. मी आपली झालं तसं सांगते.

मी कुमुदिनी खळदकर. चिंचवडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, सेमी-इंग्रजीच्या वर्गांना. हे गेल्यावर सारंग मला टोकियोजवळच्या ग्योतोकुला घेऊन आला. सारंग माझा एकुलता एक. टोकियोत एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. शिकला माझ्याच शाळेत, पण मी त्याला मुद्दाम दुसऱ्या तुकडीत घातला होता. नाहीतर लोक म्हणाले असते, बाईंनी मुलाला वशिल्याचे मार्क दिले. सून अनघा विद्यापीठात संशोधन करते. दोघंही गुणी आहेत, मला काही कमी पडू देत नाहीत.

पण सकाळी दोघं तोझाई लाइनची गाडी पकडून गेली, की उरलो मी आणि कचरा. इथे कचरा ही साधी गोष्ट नाही. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटली वेगळी, बाटलीचं झाकण वेगळं. ज्या बाईनं निम्म्या चिंचवडला लसावि शिकवला, ती बाई बाटल्यांची झाकणं काढत बसली होती. माझे हात शिवशिवायचे हो! जेवणाच्या टेबलावर मी बोटानं गणितं सोडवायला लागले, तेव्हा अनघाच्या लक्षात आलं की सासूबाईंचं काही खरं नाही.

अनघा एक संस्था चालवते, ‘शिदोरी’ नावाची. तिच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण एसी ही घानाची. एसीच्या गावच्या शाळेत वीज लहर लागेल तेव्हा येते आणि इंटरनेटचा पत्ता नाही. म्हणून या दोघींनी डब्याएवढं एक यंत्र शोधून काढलं. त्यात सगळे धडे आधीच भरून ठेवायचे. मग इंटरनेट नसलं तरी वर्गातली मुलं टॅबवर ते धडे बघतात. टॅब इथल्या ऑफिसांनी टाकायला काढलेले, पण पुसून नव्यासारखे केलेले. खर्च सारंगची कंपनी उचलते आणि गणिताचे धडेही कंपनीनंच दिले होते.

त्या धड्यांत एक निळं गुबगुबीत अस्वल गणित शिकवतं. गातं, नाचतं, आणि अपूर्णांक आले की पिझ्झा कापतं. एसी आमच्याकडे जेवायला आली होती, तेव्हा मी ते पाहिलं.

"तुमच्या गावात पिझ्झा मिळतो का गं?" मी विचारलं.

"नाही, आंटी."

"मग पोरांनी अपूर्णांक शिकायला आधी पिझ्झा कुठून पैदा करायचा? संत्री मिळतात?"

"संत्री ढीगभर."

"मग संत्रं घ्या की! फोडी देवानंच करून ठेवल्यात."

एसीनं अनघाकडे पाहिलं, अनघानं माझ्याकडे पाहिलं. आणि अपूर्णांकांचे धडे माझ्या पदरात पडले. कंपनीनं एक अट घातली. एक सत्रभर दोन्ही धडे शाळेत ठेवायचे, अस्वलाचे आणि बाईंचे. सत्र संपल्यावर शाळेशी व्हिडिओवर बोलायचं. जे धडे चालले असतील तेच पुढे बाकीच्या शाळांना जातील, दुसरे बंद. अनघानं मला हे फार हळुवारपणे सांगितलं. मला काय समजायचं ते मी समजले. किती दिवसांनी मला वर्ग मिळणार होता, आणि तो मी एका अस्वलाला सोडणार नव्हते.

पहिलं रेकॉर्डिंग आम्ही घरीच केलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. ‘काही घरांतून मोठा आवाज येत असल्याचे समजते, सर्व रहिवाशांनी कृपया काळजी घ्यावी.’ आता ‘काही घरांतून’ म्हणजे कुठून, हे अख्ख्या इमारतीला माहीत. इथे कुणी नाव घेऊन बोलत नाही. फक्त लिफ्टमध्ये भेटलं की नेहमीपेक्षा जरा जास्त वाकतात. मला त्यापेक्षा सरळ भांडलेलं परवडतं.

"काकू, कराओके!" अंबरीष म्हणाला. अंबरीष सारंगच्या ऑफिसातला, एकटाच राहतो, दर रविवारी आमच्याकडे जेवतो. व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम त्याच्याकडे होतं. "स्टेशनजवळ कराओकेच्या, म्हणजे गाणी म्हणायच्या खोल्या आहेत. तासावर मिळतात. तुम्ही कितीही ओरडा, बाहेर काही जात नाही."

"मी ओरडत नाही. मी शिकवते," मी म्हटलं.

तर अशा रीतीनं माझा वर्ग भरला. लाल सोफे, टेबलावर दोन खंजिऱ्या, छताला फिरणारा रंगीत दिवा. तो काही केल्या बंद होईना. भिंतीला टेकवून मी फळा उभा केला. शेजारच्या खोलीत कुणी आजोबा विरहाची गाणी म्हणत होते. दार नीट लागलं की त्यांचा फक्त घुमारा यायचा. अंबरीषनं कॅमेरा लावला आणि म्हणाला, "काकू, बोला."

मी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. अहो, कॅमेऱ्याला काय शिकवू? समजलं की नाही ते त्याच्या तोंडावर दिसतं का? शिकवताना मला समोर चेहरे लागतात. एखादा भांबावलेला, एखादा पेंगणारा, एखादा खिडकीबाहेर बघणारा. तो शेवटचा नसेल तर माझा आवाजच लागत नाही.

"वर्ग आणा," मी म्हटलं.

म्हणून पुढच्या रविवारी सोफ्यावर तीन विद्यार्थी बसले. अनघा, सारंग आणि नाकामुरा-सान.

नाकामुरा-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’) ‘शिदोरी’चे स्वयंसेवक. वय सत्तरीच्या पुढे. उभी हयात भिंगांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. शाळेला जाणारा प्रत्येक टॅब तेच तपासतात. काचेवर ओरखडा दिसला की त्यांना जेवण जात नाही. मला ते ‘सेन्सेई’ म्हणजे गुरुजी म्हणतात आणि मी ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसत नाहीत. असा विद्यार्थी मला चिंचवडला कधी मिळाला नव्हता.

मी हजेरीपासून सुरुवात केली. हजेरीशिवाय मला शिकवता येत नाही, तो माझा शिरस्ता आहे.

"नाकामुरा!"

"हाय!" म्हणजे जपानीत ‘हो’. ते ताडकन उभे राहिले.

"अनघा!"

"प्रेझेंट."

"सारंग! ... सारंग!"

सारंगचं डोकं टेबलाखाली. तिथे फोन, फोनमध्ये ऑफिसचं काहीतरी. "हं? हो, आहे."

"आहेस ते दिसतंय. लक्ष कुठंय? हाताची घडी, तोंडावर बोट!"

नाकामुरा-साननी सर्वांत आधी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. अनघानं त्यांना आदल्या दिवशी अर्थ समजावून दिला होता म्हणे.

माझं उदाहरण होतं दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. त्याला बरोब्बर बारा फोडींचं संत्रं हवं. आम्ही इथली छोटी मिकान संत्री पिशवीभर आणली होती. मी एक सोललं, फोडी अकरा. दुसरं सोललं, दहा. नाकामुरा-साननी अदबीनं हात वर केला. देठाजवळची हिरवी टोपी काढली की खाली बारीक ठिपके दिसतात, जितके ठिपके तितक्या फोडी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक संत्रं तपासायला घेतलं. तोवर शेजारचे आजोबा पाणी मागवायला की काय दार उघडं टाकून गायला लागले, त्यामुळे आम्हाला थांबावं लागलं. त्या मोकळ्या वेळात मी अंबरीषशी घरगुती चार शब्द बोलले. कॅमेरा चालू होता, पण ते नंतर कापायचंच होतं.

बारा ठिपक्यांचं संत्रं सापडलं. मी सोलून फोडी बशीत मांडल्या आणि फळ्यावर लिहिलं.

"टू अपॉन थ्री प्लस वन अपॉन फोर. सारंग, स्टँड अप!"

सारंग दचकून उठला. एक डोळा अजून फोनवर. "थ्री अपॉन सेव्हन," म्हणाला आणि बसायला लागला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तीन सप्तमांश? वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि झाला मोकळा! अरे गाढवा, दोन तृतीयांश म्हणजेच अर्ध्याहून जास्त. मोअर दॅन हाफ! त्यात तू आणखी भर घातलीस, आणि उत्तर अर्ध्याहून कमी? आईनं ताटात वाढलं की ताटातलं कमी होतं का रे? टेल मी! आय विल वेट. थिंक! विचार कर आणि बोल."

आणि मी थांबले.  रंगीत दिवा आपला फिरतोय.

"कमी नाही होत," तो पुटपुटला.

"मग ये इथे आणि मोज. टू अपॉन थ्री ऑफ ट्वेल्व्ह?"

"एट."

"वन अपॉन फोर?"

"थ्री."

"मोजून घे फोडी."

त्यानं मोजल्या. आठ घेतल्या, तीन घेतल्या. बशीत एक उरायला हवी होती. ती नव्हतीच. मी वर पाहिलं. चिरंजीवांचा जबडा हलत होता.

"सारंग! उदाहरण खाल्लंस? यू हॅव ईटन द सम?"

"समोर होती म्हणून..." तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. चाळिशी उलटलेला माणूस!

तेवढ्यात दार उघडून मेलन सोड्याचे हिरवे पेले घेऊन एक पोरगा आत आला. माझा पारा चढलेलाच होता. "वर्ग चालू आहे! आधी परवानगी मागा!" मी मराठीतच कडाडले. त्याला काय कळलं देव जाणे, पण तो उलट्या पावली बाहेर गेला, दार लावलं, ठोठावलं, आणि मी ‘येस’ म्हटल्यावर आत आला. तो जाताना नाकामुरा-साननी त्याला पावती दिल्यासारखी मान डोलावली.

असे पाच-सहा रविवार आम्ही रेकॉर्डिंग केलं. प्रत्येक वेळी सारंगचं काही ना काही चुकलंच.

अंबरीषनं मग त्यातलं सगळं कापलं. हजेरी गेली, सोडा गेला, माझं थांबणं गेलं, सारंग तर मुळासकट गेला. तासाभराच्या धड्याचा त्यानं चिमुकला व्हिडिओ केला. मी पाहिला. त्यात मी स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईसारखी एका सुरात बोलत होते. "छान सुटसुटीत झालंय," मी म्हटलं. मनातून आवडलं नव्हतं, पण म्हटलं, आजकाल असंच असतं. अस्वलाशी गाठ आहे, आपणही जरा चकचकीत दिसलेलं बरं.

नाकामुरा-सान यांनी शेवटची तपासणी केली, धडे यंत्रात भरले, खोक्यावर स्वतःच्या अक्षरात ‘तपासले’ असं लिहिलं, आणि एसी ते सगळं घेऊन घानाला गेली.

दोन आठवड्यांनी ‘शिदोरी’ची बैठक आमच्या घरी होती. मी पोहे केले होते. नाकामुरा-सान आपला अहवाल द्यायला उभे राहिले. जपानीत बोलत होते, अनघा माझ्यासाठी मराठीत सांगत होती.

"ते म्हणतायत, त्यांनी मूळ रेकॉर्डिंग आणि अंबरीषनं दिलेलं रेकॉर्डिंग ताडून पाहिलं..."

"हं."

"तर सेन्सेईंचं पुष्कळसं बोलणं गहाळ झालेलं आढळलं..." अनघाचा आवाज बारीक झाला. "अंबरीष-सान यांच्याकडून नजरचुकीनं राहिलं असणार. त्यांना वाईट वाटू नये म्हणून चारचौघांत बोललो नाही. गुपचूप सगळं होतं तिथे परत घातलं."

एवढं सांगून नाकामुरा-साननी अंबरीषला वाकून नमस्कार केला. त्याची चूक स्वतःकडे घेतल्यासारखा. अंबरीषचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे तिकडे काय काय गेलं?" मी विचारलं.

"सगळं," अनघा म्हणाली.

"हजेरी?"

"हो."

"गाढव?"

"गाढव, खाल्लेलं उदाहरण, सोड्यावाला, सगळं."

यंत्र त्या गावात पोचलं होतं. इथून एवढ्या मोठ्या फाइली बदलायला तिथे इंटरनेट नाही. एसी तर यंत्र बसवून परत आली होती आणि आता सत्राच्या शेवटीच पुन्हा जाणार होती. सारंगनं डोकं धरलं. "आई, सत्राच्या शेवटी जो कॉल आहे ना, त्याला आमचे ओगावा-सान बसणार आहेत! माझे विभागप्रमुख! त्यांच्या हाताखाली मी रोज आकडे जमवतो!"

"मग खायचं नव्हतंस उदाहरण," मी म्हटलं. पण माझाही धीर सुटला होता.

त्या संध्याकाळी अनघानं ते मूळ रेकॉर्डिंग पहिल्यापासून पाहिलं. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. बाहेरच्या खोलीतून माझाच आवाज आला, "...अरे अंबरीष, अनघाची खिचडी म्हणजे या जपानी तांदळाचा नुसता लगदा. पोस्टर चिकटवायला घे." मग टॅब बंद झाल्याचा आवाज. त्यानंतरचे कितीतरी दिवस मला रात्रीच्या जेवणात पाव आणि लोणी मिळालं. "तांदळाचं काही जमत नाही ना मला, आई," असं गोड आवाजात म्हणून. मी निमूटपणे खाल्लं. सासू असले तरी इतकी अक्कल आहे.

ते सत्र कसं गेलं, विचारू नका. कचरा वेगळा करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र. एक परका वर्ग, आणि एक म्हातारी त्यांच्यासमोर अनोळखी भाषेत आपल्या मुलावर खेकसतेय. पोरं घाबरली असतील. शाळेनं ते धडे केव्हाच बंद केले असतील. अस्वल काय, गातं, नाचतं, कुणाला गाढव म्हणत नाही. माझा शेवटचा वर्ग मी माझ्या जिभेपायी घालवला, असं वाटून मला रडू यायचं. चिंचवडला निरोप समारंभात रडले नव्हते, पण ग्योतोकुला बाटलीचं झाकण हातात घेऊन रडले.

कॉलच्या दिवशी मी जाणारच नव्हते. अनघानं कपाटातून माझी जरीकाठाची साडी काढून पलंगावर ठेवली. "आई, तुम्ही शिक्षिका आहात. निकालाच्या दिवशी गैरहजर राहणार?" खिचडीनंतर एवढ्या मायेनं ती प्रथमच बोलत होती. मी साडी नेसले.

टोकियोत सारंगच्या ऑफिसात लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर चहाची बाटली. ओगावा-सान मधोमध. बारीक, गंभीर, हसू कुठेतरी ठेवून विसरल्यासारखे. सारंग काळ्या सुटात अगदी कडेच्या खुर्चीत, जमेल तेवढा पडद्याबाहेर. आमच्याकडे संध्याकाळ होत होती, तिकडे सकाळ.

पडदा उजळला. एक टेकाड दिसलं. शाळेत नेटवर्क नाही, ते फक्त मागच्या टेकाडावर येतं, म्हणून अख्खा वर्ग फळा घेऊन वर चढला होता. फळा झाडाला टेकवलेला, गणवेशातली पोरं दाटीवाटीनं बसलेली, आणि पुढे मिसेस बोआटेंग. भरदार बाई, डोक्याला झकास रुमाल बांधलेला. नुसतं मागे वळून बघितलं तर वर्ग गप्प. मी लगेच ओळखलं, ही आपल्यातली.

ओगावा-साननी दुभाषी मुलीतर्फे विचारलं, अस्वलाचे धडे कसे वाटले?

"अस्वल फार सभ्य आहे," मिसेस बोआटेंग म्हणाल्या. "गाणी छान म्हणतं. पण ते प्रश्न विचारतं आणि लगेच स्वतःच उत्तर देतं. त्याच्या शाळेत कुणी चुकतच नाही. अशा शाळेत माझी मुलं तोंड उघडायला घाबरतात."

"आणि दुसरे धडे?"

मिसेस बोआटेंग हसल्या. "मॅडमच्या शाळेत सारंग आहे."

नाव ऐकलं मात्र, सगळं टेकाड उसळलं. "सारंग! सारंग!" पोरं टाळ्या पिटायला लागली. इकडे सारंगनं चहाची बाटली तोंडासमोर धरली.

मिसेस बोआटेंगनी हात वर केला, वर्ग शांत झाला. "टू अपॉन थ्री प्लस वन अपॉन फोर. मी धडा मध्येच थांबवला आणि मुलांना आधी पाटीवर करायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, थ्री अपॉन सेव्हन. मग धडा पुढे चालू केला. सारंग उठला आणि म्हणाला, थ्री अपॉन सेव्हन! माझा वर्ग खूश, आपलं बरोबर आलं म्हणून. आणि मग मॅडम त्याच्यावर जे ओरडल्या! माझ्या मुलांनी पाट्या पाठीमागे लपवल्या. शब्द कळत नव्हते, पण ओरडणं बरोबर कळलं. मग मॅडम म्हणाल्या, मी थांबते, विचार कर. आणि खरंच थांबल्या. त्या थांबल्या तेवढ्यात माझ्या वर्गानं विचार केला. तो धडा मुलांनी इतक्यांदा पाहिलाय, की आता ती चूक कुणाचीच होत नाही."

मी पदर डोळ्यांना लावणार, एवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं. सारंगला तुम्ही एक शब्द म्हणता, ‘गाढवा’. मुलं आता कुणी चुकलं की एकमेकांना तेच म्हणतात. मला अर्थ माहीत नसल्यामुळे रागवावं की नाही ते समजत नाही."

दुभाषी मुलगी अनघाकडे बघायला लागली. अनघा छताकडे बघायला लागली. ओगावा-सान वाट बघत होते.

"ज्याच्याकडून आपल्याला आशा असते ना," मी इंग्रजीत सांगितलं, "त्यालाच आम्ही तसं म्हणतो. दुसऱ्या कुणाला नाही." आणि यात खोटं काही नाही. चिंचवडला कुणालाही विचारा.

मिसेस बोआटेंगनी समाधानानं मान हलवली आणि शेवटी म्हणाल्या, "आता मुलांचा एकच प्रश्न आहे. आफिया!"

पुढच्या ओळीतून एक मुलगी उठली. दोन्ही हात पाठीमागे बांधून, अगदी काळजीनं तिनं विचारलं, "मॅडम, प्लीज. सारंगला आता येतं का?"

 दुभाषी मुलीनं प्रश्न जपानीत सांगितला. ओगावा-सान हळूहळू टेबलाच्या कडेला वळले.

"सारंग-सान?"

सारंग उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. मला वाटलं, आता हा काहीतरी हसून वेळ मारून नेणार. पण तो सरळ चालत गेला, भिंतीवरच्या फळ्यापाशी, आणि मार्कर उचलला. त्यानं लिहिलं, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. आणि थांबला.

तिकडे टेकाडावर पोरं उठून गुडघ्यांवर आली. "डिनॉमिनेटर, सारंग! डिनॉमिनेटर!" कुणीतरी ओरडलं. "लक्ष कुठंय?" हे मात्र स्पष्ट मराठीत.

सारंगनं खाली बारा लिहिले. वर आठ अधिक तीन. मग अकरा. अकरा बारांश. त्यानं वर्गाकडे तोंड केलं आणि मार्कर खाली ठेवला.

टेकाडावर असा जल्लोष झाला, की पडदा थरथरला. आणि त्या गोंगाटातून एक पोर ओरडलं, "व्हेअर इज द लास्ट वन?"

सारंगनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "आय एट इट."

ओगावा-सान यांनी तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. तिकडे मिसेस बोआटेंग झाडाला धरून हसत होत्या. आणि मी, मला सांगायला लाज नाही, मी भर ऑफिसात हुंदका देऊन रडले. नाकामुरा-सान माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढला, दोन्ही बाजूंनी तपासला आणि मला दिला.

अस्वलाला रजा मिळाली. बाकीच्या शाळांना माझे धडे जाणार, आणि एकही शब्द न कापता. अंबरीषला आता फक्त बटण दाबायचं काम उरलंय. तो म्हणतो, त्याच्या कलेचा खून झाला. अनघानं खिचडी केली, आंबेमोहोर शोधून आणून, आणि मी दोनदा मागून घेतली. मऊच होती, पण मी बोलले नाही.

त्या कॉलच्या दिवशी परतीच्या गाडीत सारंग माझ्याशेजारी उभा होता. तो म्हणाला, "आई, शाळेत असताना तुझ्या तुकडीतली पोरं मधल्या सुटीत येऊन सांगायची, आज बाईंनी कुणाला कसं झापलं. सगळी हसायची. मला त्यांचा इतका हेवा वाटायचा."

"झापून घ्यायचा?"

"हो. तुझ्या वर्गात बसायचा."

मी एवढंच म्हटलं, "उतरायचंय, छत्री विसरू नकोस."

रविवारी दशमान अपूर्णांक घ्यायचे होते. मी फळा घेऊन कराओकेच्या खोलीत पोचले, तर सारंग आधीच येऊन मागच्या सोफ्यावर बसलेला. फोन पिशवीत, पिशवी दाराबाहेर. रंगीत दिवा फिरत होता, शेजारचे आजोबा सुरू झाले होते, आणि नाकामुरा-सान उभे होते, मी ‘बसा’ म्हणायची वाट बघत.

"आई," सारंगनं विचारलं, "आज काय चुकायचं?"

"ते तुला ठरवावं लागत नाही, गाढवा," मी म्हटलं, आणि हजेरी घ्यायला लागले.